पेवावरचा अंगठा

१७ जून, मंगळवार

काल सकाळी प्रार्थनेची घंटा व्हायच्या आत मी लॅबमध्ये शिरलो आणि चोवीसच्या चोवीस संगणकांच्या पाठीमागची नेटची वायर उपटून काढली. रागाने काढली नाही, असं काल स्वतःला समजावलं होतं. आज वही उघडल्यावर तसं लिहवत नाही. राग आलाच होता.

सुट्टीनंतर संगणक पहिल्यांदाच चालू केले होते. चालू होताच प्रत्येक संगणक नेटवरून आपापलं नवं सॉफ्टवेअर मागवायला लागला. म्हणजे एकच सामान चोवीस वेळा. आमच्या डिंभ्याला नेट म्हणजे डोंगराआडच्या टॉवरवरून येणारी करंगळीएवढी धार. तिला चोवीस तोंडं लागल्यावर ऑफिसात थेंब पोचेना. तिथे वृषाली मॅडम लवकर येऊन शाळेची ऑनलाइन माहिती भरत बसल्या होत्या. विज्ञान शिकवतात, यंदा प्रभारी मुख्याध्यापिका आहेत. त्या व्हरांड्यात आल्या आणि पोरांच्या देखत म्हणाल्या, "भगवंतराव, तुमी लॅबचे परिचर. झाडायचं, पुसायचं, कुलूप लावायचं. या पेट्यांशी खेळायला तुमाला कुणी सांगितलंय?"

मी तसाच वळलो. आत गेलो आणि वायरी उपटल्या. पाच मिनिटांत मॅडमची माहिती भरून झाली. त्यावर एक शब्द नाही.

आमच्या शिक्षणसंस्थेच्या सहाही शाळांतले संगणक लिनक्स नावाच्या प्रणालीवर चालतात, कारण ते फुकट मिळतं. ते चालवायचं कसं हे सहा शाळांत मिळून मला एकट्याला कळतं, आणि तेही मी पुस्तकं वाचून, चुका करत शिकलोय. हे मॅडमना माहीत आहे. म्हणूनच त्या असं बोलतात.

२६ जून, गुरुवार

निरगुडसरला, आमच्या गावी, घरामागच्या वाडग्यात पेव होतं. जमिनीत खोल खड्डा, आतून भाजून काढलेला, त्यात वर्षाची ज्वारी. बाजार लांब असला तरी घरात दाणा असायचा.

हे आज आठवलं, कारण संगणकाचंही पेव करता येतं. लागेल ते सगळं सॉफ्टवेअर एकदाच आणायचं, लॅबमधल्या एका जुन्या संगणकात साठवायचं आणि बाकीच्यांना सांगायचं, की यापुढे बाहेर हात पसरू नका, या पेवातून घ्या. नेट असो नसो. पुस्तकात त्याला रिपॉझिटरी म्हणतात. मी पेवच म्हणणार.

अर्ज लिहून मॅडमच्या टेबलावर ठेवला. त्यांनी वाचला आणि म्हणाल्या, "करा. पण उद्या काय बिघडलं तर तुमचंच नाव पुढं करीन, हां."

माझंच नाव पुढं करा. मला तेच हवंय.

९ जुलै, बुधवार

जुन्नरला जाऊन आलो. शौकतभाईंचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे आणि त्यांच्याकडे जोराचं नेट आहे. मोठी डिस्क त्यांच्याकडे आठ दिवसांपूर्वी भरायला ठेवली होती.

"अहो पावणं, काय मागवलंय काय तुमी? आठ दिस झाले, हे गिळतंय गिळतंय, ढेकर म्हणून देईना."

"सहा शाळांचं वर्षाचं आहे, शौकतभाई."

"मग लगीनच काढलं म्हणा की!"

पैसे घेतले नाहीत. डिस्क उपरण्यात गुंडाळली आणि एसटीत मांडीवर ठेवून आणली. शेजारच्या बाईने विचारलं, देव आहे का?

२२ जुलै, मंगळवार

पेव भरलं, पण मोठं काम पुढेच होतं.

आजोबा पेवाचं तोंड फरशीने झाकून वरून माती लिंपायचे आणि ओल्या मातीत अंगठा उमटवायचे. उघडताना आधी तो अंगठा बघायचे. मोडलेला दिसला तर दाणा जनावरालासुद्धा घालायचे नाहीत. संगणकाच्या पेवाचंही अगदी तसंच आहे. त्यावर सही लागते. माझ्याकडे एक गुप्त किल्ली राहते, तिने मी सही करतो. सहाही शाळांतल्या प्रत्येक संगणकाला ती सही ओळखायला शिकवायची. मग वाटेत कुणी पेवात काही मिसळलं तर सही जुळत नाही आणि संगणक ते सामान घेत नाही.

किल्ली कुणाच्या हाती लागली तर? त्यासाठी किल्लीलाही पासवर्ड असतो. पुस्तक म्हणतं, शब्द नको, चांगली लांब ओळ ठेवा, जी तुम्ही कधी विसरणार नाही. मी वडील औत जुंपताना देवाला म्हणायचे ती ओळ ठेवली. रोज माझ्याही तोंडी तीच असते. ती इथे लिहीत नाही. वहीचा काय भरवसा?

सहीचं काम चाललं असताना मॅडम प्रयोगवह्या तपासत माझ्या शेजारच्या टेबलावर बसल्या होत्या. मी सही केली, चुकली, परत केली. पाच-सहा वेळा झालं. एकदम लाल पेन आपटून म्हणाल्या, "भगवंतराव, तुमचं तोंड जरा आवरा. किती वेळा सांगू?"

मी देवाचं नावही घ्यायचं नाही आता. मला टाइप करताना पुटपुटायची सवय आहे, मान्य. आमच्या गुरुजींनी मोठ्याने म्हणत म्हणत लिहायला शिकवलं, ते हाडात गेलंय. वडील सांगायचे, जप तीन तऱ्हेचा. मोठ्याने केलेला, ओठांत पुटपुटलेला आणि मनातल्या मनात केलेला. मनातला सगळ्यांत वरचा. पन्नाशी आली तरी मी ओठांच्या वर चढलो नाही. पण म्हणून विज्ञानाच्या बाईने मला तोंड आवरायला सांगावं?

११ ऑगस्ट, श्रावणी सोमवार

भीमाशंकरला जाणाऱ्यांनी एसट्या भरून वाहताहेत. पेवाची प्रत घेऊन दुसऱ्या शाळेत निघालो होतो. तीन गाड्या न थांबता गेल्या. तेवढ्यात भरत मोटरसायकलवर आला. संस्थेच्या मंचरच्या कार्यालयात सचिवसाहेबांचं सगळं संगणकाचं काम हाच बघतो. वयाने माझ्या निम्मा, पण गाडीवरून उतरून पाया पडला.

"दादा, तुमी का एसटीच्या मागं लागता? द्या ती डिस्क. दर पंधरा दिवसांनी माझी तशी पण सगळ्या शाळांवर चक्कर असती."

दिली. सही केलेलीच आहे, वाटेत कुणी हात घातला तरी बिघडत नाही. मग आम्ही चहा घेतला. मी तोंडातल्या तोंडात नाव घेत होतो, तर तो म्हणाला, "दादा, लई गोड वळ हाय ही. लॅबमधी आलो का तुमच्या तोंडी हीच आसती. मला सांगा ना, स्टेटसला ठेवतो."

मी सांगितली. म्हणाला, "इंग्रजी अक्षरात कसं लिव्हता तुमी? माझ्या मोबाईलला मराठी नीट येत न्हाई." एकेक अक्षर सांगितलं. एका ठिकाणी त्याने 'ए' जास्त घातला होता, तो काढायला लावला. देवाचं नाव कुणी अशुद्ध लिहू नये.

या वयात अशी भक्ती. नाहीतर आमच्या मॅडम.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

सहा शाळा, एकशे एकोणचाळीस संगणक. सगळे पेवातून घेतात. नेट तीन दिवस बंद होतं, कुठेही वर्ग अडला नाही. देवाची कृपा.

आज सचिवसाहेबांनी मंचरला बोलावलं. तासभर बाकावर बसवलं. आत गेल्यावर बसा म्हणाले नाहीत. "भगवंतराव, काम बरं केलंय. आता ऐका. प्रत्येक कुलपाची दुसरी किल्ली कार्यालयात असते, हा संस्थेचा नियम. तुमच्या त्या किल्लीची प्रत कपाटात ठेवा."

मी पेनड्राइव्हवर देऊन आलो. नियम नियमच आहे. पासवर्डच्या ओळीशिवाय तिचा कुणाला काही उपयोग नाही.

मग खरी गोष्ट निघाली. भरतने 'हजेरी' नावाचं सॉफ्टवेअर बनवून घेतलंय. शिक्षकांच्या खोलीतल्या लॅपटॉपवर ते गुपचूप चालेल, दर दहा मिनिटांनी कॅमेऱ्यातून खोलीचा फोटो काढेल आणि नेट आलं की मंचरला पाठवेल. "कोण कधी येतं, कधी पळतं, मला इथं बसून दिसलं पाहिजे. तुमच्या पेवात घाला आणि सही करा."

मी म्हणालो, "साहेब, सगळ्यांना सांगून घालू."

"सांगितल्यावर कोण सापडेल? तुमी काय सरपंच लागून गेलात का? परिचर आहात, परिचरासारखं ऐका."

मी नाही म्हणालो. त्यांनी टेबलावरची फाईल अशी सरकवली, जसं मलाच बाजूला सारलं. भरत स्टँडपर्यंत सोडायला आला. "दादा, बरोबर केलंत. साहेब बोलत्यात, मनाचे वाईट न्हाईत." त्याच्या मोबाईलवर अजून तीच ओळ आहे. बरं वाटलं.

घरी आल्यावर बायकोला, इंद्रायणीला, सांगितलं. ती म्हणाली, "नाय म्हणालात ते बेस केलंत. पण एवढ्यावर सोडत्याल का ते?"

१५ ऑक्टोबर, बुधवार

दिवाळीआधीची डिस्क भरत घेऊन फिरला. परत यायला दोन दिवस जास्त लागले. गाडी पंक्चर झाली म्हणाला.

६ नोव्हेंबर, गुरुवार

आज घडलं ते क्रमाने लिहितो.

अवकाळी पाऊस चालूच आहे. मंचरहून येणाऱ्या तिघी शिक्षिका फाट्यापासून चालत भिजून येतात आणि शिक्षिकांच्या खोलीत साड्या बदलतात. तिथल्या कपाटावर लॅपटॉप उघडा असतो. आज वृषाली मॅडमना कॅमेऱ्याशेजारचा दिवा क्षणभर लागून विझलेला दिसला. त्या दहा मिनिटं घड्याळ लावून बसल्या. पुन्हा लागला.

लॅपटॉप तसाच उचलून लॅबमध्ये आणला आणि माझ्यासमोर आदळला. "हे काय हाय?"

मी बघितलं. हजेरी. लॅपटॉपला विचारलं, हे आलं कुठून? उत्तर आलं, पेवातून. सही बघितली. जुळली. सहीखाली माझं नाव.

"मी केलेली नाही ही सही."

"मंग भुतानं केली? त्या खोलीत आमी लुगडी बदलतो, भगवंतराव. बदलतो का नाही?"

मला वर बघवेना. दुपारपर्यंत सहाही शाळांतून फोन झाले. सगळीकडे तेच निघालं. पेव फुटलं म्हणतात ते असं. एक शिक्षिका फोनवर म्हणाली, "देवाचं नाव घेत आसले धंदे करता व्हय?" शाळेतल्या शिपायाने चहा दिला नाही. इंद्रायणीने विचारलं, काय झालं? सांगितलं नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

सभा झाली. सहा शाळांतले शिक्षक आणि सचिवसाहेब. साहेब थंडपणे म्हणाले, "पेव भगवंतरावांचं, सही भगवंतरावांची. कार्यालयाला काही कल्पना नाही. चौकशी लावतो."

मी उभा राहिलो. दोन दिवस एकच विचार चालला होता. ओळ कुणाला कळू शकते? माझ्या शेजारच्या टेबलावर महिनोन्‌महिने कोण बसतं? मला पाण्यात कोण बघतं? मी सगळ्यांसमोर म्हणालो, "माझी किल्ली चोरीला गेलीय. आणि टाइप करताना माझ्या हातांकडे कुणी बघितलं असेल तर ते वृषाली मॅडमनीच."

मॅडम उठल्या. मला वाटलं, ओरडतील. नेहमीपेक्षा हळू बोलल्या. "म्हंजे माझे फोटो मीच काढले. बरंय. भगवंतराव, जुलैमधी मी तुमाला काय सांगितलं व्हतं, ते घरी जाऊन आठवा." आणि पर्स उचलून गेल्या.

भरतने मला पाण्याचा ग्लास आणून दिला.

९ नोव्हेंबर, रविवार

इंद्रायणी भाकऱ्या थापत होती. मी म्हणालो, "त्या बाईने जुलैत काय सांगितलं होतं, मला आठवत नाही. भांडण सोडून काही बोललीच नाही ती."

"कशावरनं चाललंय?"

"पासवर्डवरून. तो माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही."

ती हसली. भाकरी उलटली आणि पासवर्डची ओळ म्हणून दाखवली. पूर्ण. वर म्हणाली, "आन मधी थांबून एस, ए, एम म्हणता, मंग पुढं. लॅपटॉप उघडला का पहिलं हेच. शेजारच्या लंकाबाईला पण पाठ हाय. तिला वाटतं, काय मंतर टाकता."

मी वही काढून मागं चाळली. २२ जुलै. 'तुमचं तोंड जरा आवरा.' माझ्याच अक्षरात लिहिलेलं. मग ११ ऑगस्ट. एकेक अक्षर सांगितलं, असं मीच लिहिलंय. 'ए' काढायला लावला, तेही लिहिलंय. १२ सप्टेंबर, पेनड्राइव्ह. १५ ऑक्टोबर, पंक्चर.

वहीचा भरवसा नाही म्हणून ओळ वहीत लिहिली नव्हती.

भाकरी गार झाली. इंद्रायणीने विचारलं, "कोण निघालं?" मी म्हणालो, "मीच."

११ नोव्हेंबर, मंगळवार

भरतला फोन केला. "दादा, तुमची वळ तर अख्ख्या तालुक्याला म्हाईत. माझंच नाव का घेता? पुरावा हाय का?" थोडं थांबून म्हणाला, "साहेबांनी सांगितलंय, गप बसा. चौकशी थंड होती आपोआप. हजेरी काढून टाकू, पेव चालू ठेवा. नायतर बघा बरं, धरणापलीकडच्या शाळेत घंटा मारायला जावं लागंल."

रागाने कानशिलं तापली. पण हा आवाज मला इतके महिने गोड लागत होता आणि जी खरं बोलत होती तिचा कडू. याचा दोष भरतला कसा देऊ?

उपाय एकच आहे. किल्लीच कायमची रद्द करायची. मग एकशे एकोणचाळीस संगणक माझी सही नाकारतील, त्या सहीने आलेलं काहीही घेणार नाहीत. इतक्या महिन्यांची मेहनत एका आज्ञेत जाईल. बारावीच्या प्रात्यक्षिकाचं सामान अजून चार शाळांत पोचायचंय, ते अडेल. आणि नवी किल्ली माझ्या हाती कोण देईल?

दोन दिवस मी हे टाळतोय. पेव मला प्रिय आहे. चांगल्या कामासाठी ठेवलं तर काय बिघडतं, असं मन म्हणतं. आजोबांचाही दाणा चांगलाच असायचा. अंगठा मोडला तर ते विचारत बसायचे नाहीत.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

मॅडमच्या घरी गेलो. त्यांनी दार अर्धंच उघडलं. मी सगळं सांगितलं, स्टेटसचंही. म्हणालो, "सभेत बोललो ते खोटं होतं. सभेतच परत घेईन."

"घ्यायलाच पाहिजे," त्या म्हणाल्या. "मी शिक्षणाधिकाऱ्यांकडं तक्रार देतेय. त्यात तुमचं पण नाव हाय."

"असू द्या. माझी ही वही जोडा. तारखा आहेत."

त्यांनी वही घेतली नाही. "पानांचे फोटो काढून आणा. तुमच्या वहीत माझ्याबद्दल काय काय लिव्हलं असंल, ते मला बघायचं नाही."

१५ नोव्हेंबर, शनिवार

काल आणि आज मिळून सहाही शाळा केल्या. एसटीने, एके ठिकाणी दुधाच्या टेम्पोतून. प्रत्येक शाळेत आधी शिक्षकांसमोर उभा राहिलो आणि तीच चार वाक्यं बोललो. हजेरी माझ्या सहीने आली. पासवर्ड मीच माझ्या तोंडाने वाटला. वृषाली मॅडमवर घेतलेला आळ खोटा होता. आता ही सही मी मोडतोय. मग एकेका संगणकातून हजेरी पुसली आणि माझी किल्ली काढली. कुणी पाणी विचारलं नाही. एका गुरुजींनी विचारलं, "मग बारावीच्या पोरांचं काय?" मी म्हणालो, नवी सही होईल. माझी नसेल.

बदलीचा आदेश सकाळीच हातात पडला. सोमवारपासून धरणापलीकडे.

डिंभ्याची लॅब शेवटची ठेवली होती. नवी किल्ली वृषाली मॅडमच्या नावाची केली, दुसरी प्रत कुठेही नाही. पासवर्ड टाकायची वेळ आली तेव्हा त्या म्हणाल्या, "तुमी भाईर उभं ऱ्हावा."

मी बाहेर गेलो. समोर धरणाचं पाणी होतं. नाव घेतलं. ओठ हलले का नाही, ते बघायला कुणी नव्हतं. आतून आवाज आला तो फक्त बटणांचा. मग मॅडम दारात आल्या. "झालं. जावा, बस चुकंल तुमची."

निघण्याआधी माझी जुनी किल्ली रद्द केली. संगणकाने विचारलं, नक्की का? परत विचारलं. मी हो लिहिलं, तोंड मिटून.

आता ती ओळ इथे लिहायला हरकत नाही. भीमाशंकरा, सांभाळ लेकरा. आज दुपारपासून तिने कुठलंच कुलूप उघडत नाही.